भंडारदऱ्याचे पाणी, बोटीचा पंखा आणि इंजिनाचा कोन

अकोले तालुक्यात शेंडी गावाजवळ प्रवरा नदीवर उभे असलेले आणि १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदरा धरण सिंचनासाठी ख्यातनाम असले, तरी त्याच्या जलाशयात फिरणाऱ्या मोटरबोटींच्या दृष्टीने त्याची उंची अधिक महत्त्वाची ठरते. समुद्रसपाटीपासून ७०० मीटरहून उंच असलेल्या या ठिकाणी हवा विरळ असल्याने इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो आणि दर ३०० मीटरला ३ टक्के या ढोबळ हिशेबाने त्याची सुमारे ७ टक्के शक्ती घटते. कोकण किनाऱ्यावर चपळ वाटणारी बोट येथे सुस्त वाटू लागली, तर इंजिन उघडण्याआधी पंख्याकडे पाहणे शहाणपणाचे असते.

पंख्यावर बहुधा दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यासाचा आणि दुसरा पिचचा. पाणी मुळीच मागे सरकले नसते, तर एका फेऱ्यात पंखा जितके इंच पुढे गेला असता, ते अंतर म्हणजे पिच. १३ इंच पिचचा पंखा मिनिटाला २,७५० फेरे घेत असेल, तर हिशेबाने बोटीचा वेग ताशी सुमारे ५४ किलोमीटर यायला हवा. परंतु पाणी घसरत असल्याने, १५ टक्के घसरण धरली, तर प्रत्यक्षात तो ४६ च्या आसपास राहतो. उसाने भरलेली ट्रॉली चढावर ओढताना ट्रॅक्टरचा चालक खालचा गिअर टाकतो, तसेच काम कमी पिचचा पंखा करतो : कमाल वेग थोडा घटतो, पण ओढ वाढते. पिच एका इंचाने कमी केल्यास इंजिनाचे फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात. माणसे भरलेल्या बोटीत पूर्ण थ्रॉटल देऊनही फेरे उत्पादकाने दिलेल्या मर्यादेपर्यंत पोहोचत नसतील, तर इंजिन दबून चालते, तापते आणि अकाली झिजते.

दुसरी बाब ट्रिमची, म्हणजे बोटीच्या पिछाडीला लावलेले इंजिन किती अंशांत कलते ठेवायचे याची. मोठ्या इंजिनांत हे काम बटणाने होते. लहान इंजिनांत ब्रॅकेटला ओळीने भोके असतात आणि एक पिन काढून पुढच्या भोकात घालावी लागते. इंजिनाचा खालचा भाग बोटीकडे ओढला की नाळ, म्हणजे बोटीचा पुढचा भाग, खाली दबते; त्यामुळे निघताना बोट लवकर पाण्यावर तरंगून धावू लागते. मात्र वेग आल्यावरही हाच कोन ठेवला, तर नाळ पाण्यात रुतते आणि बोट अचानक एका बाजूला ओढली जाते. इंजिन थोडे बाहेर काढले की नाळ उचलली जाते, तळाचा पाण्याशी होणारा संपर्क घटतो आणि वेग वाढतो. पण ते प्रमाणाबाहेर काढले, तर बोट वरखाली उसळू लागते आणि वळणावर पंखा पृष्ठभागावरील हवा ओढून घेऊन पाण्यावरची पकड सोडतो. फेरे एकदम वाढले आणि वेग मात्र घटला, तर हेच घडले आहे असे समजावे. म्हणून तीव्र वळणापूर्वी वेग कमी करून इंजिन आत घ्यावे लागते. चार पात्यांचा पंखा वळणावर तीन पात्यांच्या पंख्यापेक्षा सहसा घट्ट पकड ठेवतो, आणि प्रवासी बोटीला कमाल वेगापेक्षा हा गुण अधिक उपयोगी आहे.

अर्थात या साऱ्या उपायांना मर्यादा आहेत. २३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यातीलच सुगाव येथे प्रवरेत शोधकार्य करणारी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटून दलाच्या तीन जवानांना प्राण गमवावे लागले. या दुर्घटनेचा संबंध पंख्याशी वा ट्रिमशी जोडणे योग्य होणार नाही. तथापि बंधाऱ्याखालच्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने कोणताही पंखा अपुरा पडतो, हे बोट चालवणाऱ्याला ठाऊक असलेच पाहिजे.

उन्हाळ्यात पाणी उतरून खडक वर येतात, तेव्हा एका पात्याची कड वाकली तरी संपूर्ण बोट थरथरते. जलाशयावर बोट चालवणाऱ्यांनी फेरे दाखवणारा मीटर, एक जादा पंखा आणि तो बदलण्याचा पाना बोटीत ठेवावा, आणि पंख्याची चाचणी रिकाम्या बोटीत न घेता पूर्ण प्रवासी बसवून, सर्वांना जीवरक्षक जाकीट घालूनच घ्यावी.