कोरकू माता आणि रजेचा कागद

मेळघाटातील धारणी व चिखलदरा तालुक्यांतील कोरकू माता बाळंतपणानंतर रुग्णालयातून घरी निघते, तेव्हा रजेचा कागद तिच्या हाती पडतो, परिचारिका त्यावरील सूचना मराठीत भरभर वाचून दाखवते आणि माता मान डोलावते; परंतु कोरकू ही मुंडा कुळातील, मराठीहून सर्वस्वी भिन्न भाषा असल्यामुळे त्या होकारावर विसंबणे धोक्याचे आहे.

अडीच किलोहून कमी वजनाच्या अर्भकाला उघड्या छातीशी धरून ऊब द्यावी, केवळ अंगावरचे दूध पाजावे, आणि बाळ दूध ओढीनासे झाले, अंग गार पडले वा श्वास मिनिटाला 60 हून अधिक वेळा होऊ लागला तर तत्काळ दवाखाना गाठावा, एवढे तरी तिला स्वभाषेत कळले पाहिजे. ते कळले का, असे विचारू नये. तिच्याकडून करवून घ्यावे. ती बाळाला पदराआड छातीशी कशी घेते, बाळासाठी औषध दिले असल्यास ते ड्रॉपरमध्ये कुठल्या रेघेपर्यंत ओढते, हे स्वस्थपणे पाहावे, आणि सासूलाही शेजारी बसवावे, कारण बाळंतिणीच्या खोलीत बहुधा तिचाच शब्द चालतो. दुभाष्याचे काम मात्र घरातल्या शाळकरी पोरावर कदापि सोपवू नये.

पुढे आशा सेविका 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी घरी यावी, असा सरकारी दंडक आहे. घरभेटींच्या या पद्धतीचे मूळ गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी केलेल्या, 1999 साली प्रसिद्ध झालेल्या कार्यात आहे. तथापि पहिला धोका रुग्णालयाच्या उंबरठ्यावरच असतो. म्हणून मेळघाटातील प्रत्येक प्रसूतिकक्षात कोरकू जाणणारी पगारी व्यक्ती सरकारने विनाविलंब नेमावी.