तबकडीची साक्ष

१९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमेरिकेने अंतराळात धाडलेल्या दोन्ही 'व्हॉयेजर' यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तांब्याची तबकडी आहे. पृथ्वीवरील संगीताचे नमुने म्हणून जे मोजके तुकडे तीवर निवडले गेले, त्यांत गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांची 'जात कहां हो' ही भैरवी आहे. आणि लुई आर्मस्ट्राँगने आपल्या 'हॉट सेव्हन' या वाद्यवृंदासह १९२७ मध्ये शिकागोत वाजवलेला 'मेलँकली ब्लूज'ही आहे. दोन्ही तुकडे तीन-साडेतीन मिनिटांचे. केसरबाईंना ज्यांनी मैफलीत ऐकले, त्यांना त्यांच्या तबकड्यांवर समाधान मानणे नेहमीच जड गेले. जॅझच्या जुन्या श्रोत्यापुढेही आयुष्यभर हाच पेच असतो. ज्या कलेचा प्राण ऐन वेळी सुचण्यात आहे, तिचा निवाडा गोठवलेल्या तीन मिनिटांच्या पुराव्यावर कसा करावयाचा?

आपल्याकडील श्रोत्याला जॅझची रीत अगदीच परकी वाटू नये. एखाद्या गीताची चाल किंवा ब्लूजचा बारा मापांचा साचा हा येथे बंदिशीच्या जागी असतो. चाल एकदा वाजवून झाली, की तिच्याखालच्या स्वरमेळांचा क्रम कायम ठेवून वादक आवर्तनामागून आवर्तने नवे रचीत जातो. तेच गीत उद्या तो वेगळे वाजवील. म्हणजे तबकडी ही त्या गीताची प्रत नव्हेच. एका विवक्षित दिवशी, एका विवक्षित खोलीत जे घडले त्याची ती साक्ष आहे. आणि साक्षीदार म्हटला की तो किती पाहू शकला, काय दडवतो आणि कोणाच्या सोयीने बोलतो, हे तपासणे ओघानेच आले.

पहिली गोष्ट ही, की हा साक्षीदार उशिरा आला. न्यू ऑर्लीन्सच्या ज्या बडी बोल्डनच्या कॉर्नेटपासून जॅझची कथा सांगण्याचा प्रघात आहे, त्याची एकही तबकडी उपलब्ध नाही. जॅझ म्हणून विकली गेलेली पहिली ध्वनिमुद्रिका १९१७ मधली. आणि ती वाजवणारे पाचही वादक गोरे होते! कृष्णवर्णीयांच्या कलेच्या ग्रंथाचे पहिले पान असे दुसऱ्याच्याच हस्ताक्षरात लिहिले गेले. १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरच्या वृंदाला इंडियाना राज्यातील रिचमंडच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रणासाठी कर्ण्यापुढे उभे करण्यात आले, तेव्हा मोठ्या ढोलाचा आघात त्या यंत्राला पेलत नव्हता. त्या तबकड्या ऐकून ऑलिव्हरचा तालविभाग दुबळा होता असे म्हणणारे समीक्षक यंत्राचा दोष वादकाच्या माथी मारतात.

मात्र तबकडीने हिरावूनच घेतले असे नाही. आर्मस्ट्राँगचा 'हॉट फाइव्ह' हा वृंद मुख्यतः स्टुडिओसाठीच जमवलेला होता. नोव्हेंबर १९२५ पासून तीन वर्षे त्याने जे ध्वनिमुद्रित केले, ते रात्रीच्या नृत्यगृहात त्या रूपात ऐकावयास मिळालेच नसते. जून १९२८ मधील 'वेस्ट एंड ब्लूज'च्या आरंभी आर्मस्ट्राँग कोणाच्याही साथीविना काही क्षण एकटाच वाजवतो. त्या काही क्षणांत जॅझ हे समूहाच्या कल्लोळातून बाहेर पडून एकट्या कलावंताचे झाले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. पुढे अर्ल हाइन्सचा पियानो येतो, आर्मस्ट्राँगचा एक लांबलचक, न हलणारा स्वर येतो, आणि तबकडी संपते. तीत एकही मात्रा फुकट गेलेली नाही. १९४८ मध्ये दीर्घ वादनाची तबकडी आली, तीन मिनिटांची अट सुटली आणि कित्येक गुणी वादकांना, सभेत वेळेची घंटा नसलेल्या वक्त्याप्रमाणे, थांबावे कोठे हेच कळेनासे झाले. कोल्ट्रेनसारख्याला त्या मोकळिकीची खरोखरच गरज होती. इतरांची गोष्ट निराळी.

ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. मोठ्या कंपन्यांपैकी काहींशी तडजोड होण्यास नोव्हेंबर १९४४ उजाडला. नेमक्या याच काळात चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी हाइन्सच्या वृंदात शेजारी बसून नव्या शैलीची जुळवाजुळव करीत होते, आणि त्या वृंदाची एकही तबकडी निघाली नाही. १९४५ च्या नोव्हेंबरात पार्करचे 'को-को' ऐकून अनेकांना हे संगीत आकाशातून पडल्यासारखे वाटले, याचे कारण मधली पाने कोरी होती, एवढेच.

पार्करच्याच बाबतीत तबकडीचा सर्वांत कठीण प्रश्न उभा राहतो. २९ जुलै १९४६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये 'डायल' कंपनीसाठी त्याने 'लव्हर मॅन' वाजवले. हेरॉइन व मद्य यांनी शरीर पोखरलेले, उभे राहणेही अवघड. पियानोची सुरुवात होते आणि पार्करचा प्रवेशच चुकतो. मग तो तुटक तुटक, अडखळत, जणू शब्द शोधावेत तसे स्वर शोधीत वाजवतो. त्याच रात्री तो अटकेत गेला, आणि पुढचे सुमारे सहा महिने त्याने कॅमारिलोच्या मनोरुग्णालयात काढले. कंपनीने ती तबकडी बाजारात आणली. पार्करला त्याचा राग कायम राहिला, आणि तो रास्त होता. आजारी माणसाच्या खोलीचे दार उघडे टाकून तिकीट लावावे, तसलाच हा प्रकार.

आणि तरीही ती तबकडी ऐकल्यावाचून राहवत नाही. जुन्या श्रोत्यांत या एका तीन मिनिटांवरून आजही दोन तट पडतात. एक म्हणतो, ही कलेची विटंबना आहे. दुसरा म्हणतो, पार्करचे सारे कसब गळून पडल्यावर जे उरले ते येथे उघडे दिसते. १९५१ मध्ये पार्करने हेच गीत पुन्हा ध्वनिमुद्रित केले. ते सफाईदार आहे, सुडौल आहे, त्यात कोठेही बोट ठेवावयास जागा नाही; आणि ऐकणाऱ्याचा हात पुन्हा पहिल्याच तबकडीकडे जातो. यात श्रोत्याच्या रसिकतेचा भाग किती आणि दुसऱ्याच्या यातनेकडे ओढले जाण्याचा किती, हे ज्याने त्याने स्वतःशी प्रामाणिकपणे तपासलेले बरे. पार्कर १९५५ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेला.

बिली हॉलिडेच्या 'लेडी इन सॅटिन'ची गोष्ट वरवर अशीच दिसते, पण ती तशी नाही. १९३७ मध्ये लेस्टर यंगच्या सॅक्सोफोनच्या संगतीने गाणारी हॉलिडे आणि फेब्रुवारी १९५८ मधली, आवाज फाटलेली, श्वास अपुरा पडणारी हॉलिडे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. परंतु या वेळी ती काय करते आहे हे तिला ठाऊक होते. व्हायोलिनांचा तो मऊ गालिचा तिनेच मागितला होता. म्हणून 'लव्हर मॅन' विकण्यात जो अपराध आहे, तो येथे नाही. तिचे ऐन उमेदीतले गाणे आधी ऐकून मगच या तबकडीकडे वळावे, एवढेच नवख्याला सांगता येईल. उलट क्रमाने ऐकणारे दुःखालाच गाणे समजून बसतात.

साक्षीदार खोटेही बोलतो. ७ जुलै १९५६ रोजी न्यूपोर्टच्या महोत्सवात ड्यूक एलिंग्टनच्या वृंदातील पॉल गोन्साल्विस याने एका दमात सत्तावीस आवर्तने वाजवली, श्रोते उठून नाचू लागले, आणि उतरणीला लागलेली एलिंग्टनची कीर्ती पुन्हा झळाळली. (नाव गोव्याच्या माणसाला घरचे वाटेल; पण हा केप व्हर्देच्या वंशाचा. पोर्तुगीजांची गलबते दोन्हीकडे गेली होती.) वाजवता वाजवता गोन्साल्विस कंपनीच्या ध्वनिक्षेपकाऐवजी 'व्हॉइस ऑफ अमेरिका'च्या ध्वनिक्षेपकापुढे उभा राहिला, त्यामुळे तबकडीवर तो दूर कोठेतरी वाजवीत असल्यासारखा ऐकू येई. त्याहून मोठी गंमत अशी, की त्या 'प्रत्यक्ष मैफली'च्या तबकडीतला बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून त्याला टाळ्या चिकटवलेल्या होत्या! त्या रात्रीचे खरे वादन १९९९ मध्ये, व्हॉइस ऑफ अमेरिकाची फीत जोडून, प्रथमच नीट प्रसिद्ध झाले. एलिंग्टन १९७४ मध्येच गेला होता. माइल्स डेव्हिसच्या १९५९ मधील 'काइंड ऑफ ब्लू'ची पहिली बाजूही यंत्राच्या गतीतील फरकामुळे किंचित चढ्या स्वरात छापली गेली, आणि ती दुरुस्त होण्यास तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. त्या अवधीत तिच्याबरोबर वाजवून शिकणाऱ्यांनी आपलीच वाद्ये बेसूर समजून जुळवली असतील.

मुंबईच्या जॅझला तर असा सदोष साक्षीदारही पुरेसा लाभला नाही. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा वृंद ताजमहाल हॉटेलात आला. त्यामागून आलेल्या अमेरिकन वादकांच्या सहवासात गोमंतकीय वादकांची एक पिढी तयार झाली. हळदोण्याचे अँतोनियो शाव्हिएर वाझ त्यांतलेच. ट्रम्पेटच्या जोरावर ते 'चिक चॉकलेट' म्हणून गाजले आणि ताजमध्ये त्यांनी वर्षानुवर्षे वाजवले. पुढे सी. रामचंद्र ऊर्फ रामचंद्र चितळकर यांच्या संगीतरचनांना त्यांचा हात लागला. १९५१ च्या 'अलबेला'त एका गाण्यात चिक चॉकलेट आपल्या वृंदासह पडद्यावरही दिसतात. त्या गाण्याची तबकडी घरोघर वाजली. तीवर संगीतकाराचे नाव होते, गायकांची होती. १९६७ मध्ये वाझ वारले. ताजच्या नृत्यगृहात त्यांनी रात्रीमागून रात्री जे वाजवले, त्यातले फारच थोडे मेणावर उतरले. बाकीचे, त्या रात्री तेथे नाचणाऱ्यांबरोबर गेले.