परसातला हौद, थंडी आणि वीज

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात घरामागच्या परसात पोहण्याचा हौद असणे ही फारशी अपूर्वाईची गोष्ट नाही. उन्हाळा दीर्घ व कडक, आणि जागा ऐसपैस. त्यामुळे ह्यूस्टन आणि डॅलस या शहरांच्या उपनगरांत असे हौद जागोजाग दिसतात. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही ते परके राहिलेले नाहीत. हौदाचे पाणी निर्मळ राहते ते मात्र आपोआप नव्हे. परसाच्या एका कोपऱ्यात पंप, फिल्टर, हीटर आणि मिठापासून क्लोरीन तयार करणारे यंत्र अशी सामग्री मांडलेली असते, आणि ती सारी विजेवर चालते. उन्हाळ्यात बसविलेल्या या नव्या सामग्रीची खरी परीक्षा पहिल्या थंडीत होते.

या परीक्षेचे स्वरूप फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वांना दिसले. त्या महिन्याच्या १६ तारखेला डॅलस येथील तपमान उणे १९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. राज्यात चाळीस लाखांहून अधिक घरांची व व्यवसायांची वीज गेली. पंप थांबले, नळ्यांतले पाणी स्थिर झाले आणि गोठले. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. बंद नळीत त्याला फुगण्यास जागा नसते, म्हणून नळी, फिल्टरची टाकी किंवा पंपाचे कवच तडकते.

वाहते पाणी सहजासहजी गोठत नाही. म्हणून पुष्कळशा नव्या नियंत्रकांत हवेचे तपमान पाहणारा एक संवेदक असतो. हवा २ ते ३ अंशांच्या आसपास आली की तो पंप आपण होऊन सुरू करतो, मग मध्यरात्र का असेना. याचा अर्थ असा की, जी रात्र सर्वांत थंड, त्याच रात्री पंप चालणे सर्वांत अगत्याचे. आणि नेमक्या अशाच रात्री विजेच्या पेटीतला खटका पडला असल्याचे पुष्कळांना आढळते.

हा खटका कशासाठी आहे हे आधी समजून घेतले पाहिजे. साधा ब्रेकर जास्त प्रवाह झाला की वीज तोडतो. तो तारांना जपतो. हौदाच्या सामग्रीला याशिवाय आणखी एक रक्षक लागतो. तो यंत्राकडे गेलेला प्रवाह आणि तेथून परतलेला प्रवाह यांची सतत तुलना करीत असतो. दोहोंत ४ ते ६ मिलिअँपिअर इतका सूक्ष्म फरक पडला, की काही प्रवाह भलत्याच वाटेने, कदाचित एखाद्या माणसाच्या देहातून, जमिनीत जात आहे असे मानून तो क्षणार्धात वीज तोडतो. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी विजेचा मानवी शरीरावरील परिणाम अभ्यासून १९६१ मध्ये हे साधन सिद्ध केले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वीजसंहितेने १९६८ मध्ये हौदातील पाण्याखालच्या दिव्यांसाठी ते आवश्यक ठरविले, आणि पुढे पंपाच्या मोटरीही त्या नियमाखाली आणल्या. आपल्याकडील घरांत याच तत्त्वावरचे साधन ३० मिलिअँपिअरला तुटणारे असते. ओल्या देहाचा विजेला होणारा विरोध फार कमी असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे हौदाजवळ अधिक कडक मर्यादा का, हे उमगते.

नव्या सामग्रीत हा खटका पडण्याची कारणे बहुधा तीन. पहिले, जोडणीतील चूक. दिवा किंवा नियंत्रक यांची न्यूट्रल तार रक्षकातून परत न आणता पेटीतल्या सामाईक पट्टीला जोडली, तर गेलेला प्रवाह रक्षकाच्या नजरेआडून परततो. त्याला ती गळतीच वाटते आणि यंत्र सुरू होताक्षणी खटका पडतो. दुसरे कारण म्हणजे ओल. चालून तापलेली मोटर थांबली की निवते, आतली हवा आकसते, बाहेरची दमट हवा आत शिरते आणि जोडपेटीत दव साचते. तारा नेणाऱ्या नळीचे तोंड नीट बंद केलेले नसेल तर हेच तिच्यातही घडते. तिसरे कारण नव्या पंपांच्या रचनेत आहे. जुलै २०२१ पासून तेथे लागू झालेल्या कार्यक्षमतेच्या नियमांमुळे वेग बदलता येणाऱ्या पंपांचा प्रसार वाढला. त्यांच्या इलेक्ट्रॉनिक भागातून थोडा उच्च कंप्रतेचा प्रवाह स्वभावतःच अर्थिंगकडे जातो, आणि काही रक्षक त्यालाच गळती समजतात. अशा वेळी पंपाच्या निर्मात्याने सुचविलेला, त्या पंपाशी जुळणारा रक्षक बसविणे हाच उपाय होय.

काही गोष्टी बिघाडासारख्या दिसतात, पण बिघाड नसतात. पाणी फार थंड झाले की क्लोरीनचे यंत्र स्वतःच काम थांबविते. हवेतील उष्णता ओढून पाणी तापविणारे यंत्रही कडक थंडीत बंद राहते. दुरुस्ती करणाऱ्यास बोलावण्यापूर्वी यंत्रासोबतची माहितीपुस्तिका पाहिली, तर पुष्कळ खर्च वाचतो.

खरा दोष शोधण्याची रीत सोपी, पण क्रमाने करण्याची आहे. खटका केव्हा पडला हे प्रथम टिपून ठेवावे: पंप सुरू होताच, काही मिनिटांनी, की दवाच्या पहाटे. मग कोरड्या जागी उभे राहून प्रत्येक यंत्राचा स्वतंत्र स्विच बंद करावा आणि खटका एकदाच वर करावा. सारे बंद असतानाही तो पडला, तर दोष रक्षकात किंवा तारांत आहे. तो टिकला, तर एकेक यंत्र थोड्या थोड्या अंतराने सुरू करावे; ज्याच्यासरशी खटका पडेल ते यंत्र किंवा त्याची जोडणी दोषी. पहाटे पडणारा खटका दुपारी टिकत असेल, तर ओलीचा संशय घ्यावा. मात्र ऊन लागून पेटी वाळली म्हणजे दोष गेला असे नव्हे. घरमालकाचे काम येथे संपते. पेटी उघडणे, तारा तपासणे आणि हौदाभोवतीचे सारे धातूचे भाग एकमेकांशी जोडणारी तांब्याची तार शाबूत आहे की नाही हे पाहणे, ही परवानाधारक इलेक्ट्रिशियनची कामे आहेत.

परंतु इलेक्ट्रिशियन सकाळी येणार आणि पाणी रात्रीच गोठणार, असा प्रसंग आला तर? येथेच मोह होतो: रक्षक काढून साधा ब्रेकर लावावा आणि पंप एक रात्र चालवून घ्यावा. हा मोह जीवघेणा आहे. खटका खोटा पडतो की खरा, हे त्या रात्री कोणालाच माहीत नसते, आणि तो खरा असेल तर पंपाचे धातूचे कवच आणि हौदाचे पाणी यांत वीज उतरलेली असू शकते. त्याऐवजी पुरवठा मेन स्विचवरून बंद करावा, पंप, फिल्टर आणि हीटर यांच्या तळाची बुचे काढून पाणी वाहू द्यावे आणि वरची झडप उघडून हवा आत घ्यावी. भांड्यात पाणीच नसेल तर गोठून फुटण्याचे भय उरत नाही. जमिनीवरच्या एखाद्या नळीला तडा गेलाच, तर ती बदलता येते.

हौद टेक्सासमधला असला तरी हा विचार तेवढ्यापुरता नाही. दिल्ली, भोपाळ किंवा नाशिक येथे थंडीत गीझर लावताच घरातला खटका पडतो, तेव्हा आतल्या तापकाच्या आवरणाला चीर पडून त्यात पाणी शिरलेले असण्याचा संभव असतो. तेथेही खटका पडू नये म्हणून रक्षकच काढून टाकणारे लोक आढळतात. पाणी आणि वीज जेथे एकत्र नांदतात, तेथे खटका का पडला याचा शोध लागेपर्यंत तो पडलेलाच राहू द्यावा.