स्वॅप भरला म्हणजे सर्व्हर बिघडला का?

दिवाळीच्या सुट्टीचा प्रवास-फॉर्म यंदा पालकांनी ऑनलाइन भरायचा होता. गाडी कोणती, स्टेशनवर घ्यायला कोण येणार, त्यांचा फोन नंबर, एवढीच माहिती. पण फॉर्म नसेल तर कॅडेटचे नाव प्रवासाच्या यादीत लागत नाही. मुदत शुक्रवार संध्याकाळची. बुधवारी घरी फोन केला तर आई म्हणाली, "अरे, तुमचं ते पान उघडतच नाहीये. बाबांनी ऑफिसातूनही बघितलं."

ते पान संगणक क्लबच्या सर्व्हरवर होते आणि सर्व्हर सांभाळायचे काम माझ्याकडे. भाड्याने घेतलेला छोटा व्हर्च्युअल सर्व्हर, 1 जीबी मेमरी, त्यावर उबुंटू लिनक्स. प्रेपमध्ये सरांची परवानगी घेऊन लॉगिन केले. 'डीमेसेज' ही आज्ञा दिली तर कर्नलच्या नोंदींत 'आउट ऑफ मेमरी' आणि त्यापुढे डेटाबेसचे नाव. मेमरी पूर्ण संपली की लिनक्स सगळी यंत्रणा वाचवण्यासाठी एखादा प्रोग्रॅम मारून टाकते, आणि बहुधा सर्वांत जास्त मेमरी खाणाराच बळी जातो. आमच्याकडे तो डेटाबेस होता. पालकांचे फॉर्म त्यातच साठत होते.

'फ्री -एम' ने मेमरीचा हिशेब दिसतो. त्यात स्वॅपच्या ओळीत शून्य होते. भाड्याच्या सर्व्हरवर पुष्कळदा स्वॅप मुळी केलेलाच नसतो.

स्वॅप म्हणजे काय ते आपल्या डॉर्मवरून सांगतो. पलंगाशेजारचे लॉकर ही मेमरी. हात लांबवला की वस्तू मिळते, पण जागा थोडी. ट्रंका ठेवायची बॉक्स रूम म्हणजे स्वॅप. हिवाळ्याचा जर्सी-कोट जुलैत तिथे ठेवला तर कोणाचे काही अडत नाही आणि लॉकर मोकळे होते. कर्नलही तेच करतो. बराच वेळ न लागलेली मेमरीची पाने डिस्कवर नेऊन ठेवतो.

मी 2 जीबीची स्वॅप फाइल केली. पद्धत सोपी आहे. 'एफअलोकेट' ने रिकामी फाइल, 'सीएचमॉड 600' ने तिला कुलूप, 'एमकेस्वॅप' ने स्वॅपची आखणी आणि 'स्वॅपऑन' ने ती चालू. कुलपाची पायरी गाळू नका. मेमरीतली पाने या फाइलमध्ये उतरतात, त्यात कोणाचा पासवर्डही असू शकतो. 600 मुळे ती फक्त रूटलाच वाचता येते.

डेटाबेस पुन्हा सुरू झाला. मी खुशीत झोपलो.

गुरुवारी दुपारी आईचा निरोप आला. पान उघडते, पण बटण दाबले की चाक फिरतच राहते. खरे सांगायचे तर आदल्या दिवसापेक्षा हे वाईट होते. बंद पानावर कोणी वाट बघत बसत नाही. इथे पालक पाच-पाच मिनिटे थांबून पुन्हा बटण दाबत होते आणि गर्दी वाढवत होते. माझे स्वतःचे लॉगिनही रखडले.

'फ्री' मध्ये स्वॅप जवळजवळ भरलेला दिसला. मी सरांना म्हटले, 4 जीबी करू का? सर म्हणाले, "किती भरलाय ते सोड. ये-जा किती होतेय ते बघ. 'व्हीएमस्टॅट 1' चालव."

या आज्ञेत दर सेकंदाला एक ओळ येते. पहिली ओळ सोडून द्यायची, ती सर्व्हर सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. पुढच्या ओळींत 'एसआय' आणि 'एसओ' हे दोन रकाने बघायचे, स्वॅपमधून आत आणि बाहेर. आमचे दोन्ही रकाने हजारांत होते आणि खाली येतच नव्हते. म्हणजे प्रत्येक तासाला पुस्तक बदलायला बॉक्स रूमपर्यंत धावत जायचे आणि आधीचे तिथे टाकून यायचे. एसएसडी डिस्कसुद्धा मेमरीपेक्षा साधारण हजार पट हळू असते. प्रोसेसर नुसता वाट बघत बसतो.

मग दोष कुठे? अपाचे या वेब सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एका वेळी 150 वर्कर चालवायची मुभा होती. 'टॉप' मध्ये पाहिले तर आमच्या फॉर्मचा एक वर्कर सुमारे 45 एमबी घेत होता. 150 गुणिले 45 म्हणजे 6750 एमबी, आणि घरात एकूण 1024! त्यातले 400 तर सिस्टीम आणि डेटाबेसच घेतात. उरलेल्या 600 मध्ये 13 वर्कर बसतात. मी मर्यादा 10 केली. अकरावा पालक रांगेत क्षणभर थांबेल, पण पहिले दहा झटपट सुटतील. मेसच्या काउंटरवर रोज हेच तर होते.

कर्नलला स्वॅपची ओढ किती, हे ठरवणारा 'स्वॅपीनेस' नावाचा आकडाही असतो. तो मूळचा 60 असतो, मी 10 केला. पण त्याने फरक पडला असे मी म्हणणार नाही. वर्कर 150 असते तर तो आकडा काहीही ठेवून उपयोग नव्हता.

सरांनी रात्री सर्व्हर रिबूट करायला लावला. मला ते उगाच वाटले. पण सुरू झाल्यावर स्वॅपची ओळ पुन्हा शून्य! 'एफएसटॅब' या फाइलमध्ये नोंद केली नाही तर 'स्वॅपऑन' पुढच्या रिबूटपर्यंतच टिकते. नोंद केली, पुन्हा रिबूट केला, स्वॅप जागेवर.

शुक्रवारी दिवसभर स्वॅपमध्ये 180 एमबी पडून होते आणि 'एसआय', 'एसओ' दोन्ही शून्य. ते 180 एमबी मी काढायला गेलो नाही. चारच्या सुमारास आईचा फॉर्म आला. स्टेशनवर घ्यायला मामा येणार होता.