कंपनीचा लॅपटॉप गावी आणताना



दसरा-दिवाळीला आपली मुलं हैदराबाद, नागपूर, पुण्याहून वांकिडीला येतात, तेव्हा कंपनीचा लॅपटॉप बरोबर असतो. इथे चार दिवस खपून केलेलं काम परत गेल्यावर ऑफिसच्या दुसऱ्या संगणकावर दिसत नाही, अशी तक्रार आम्ही ऐकतो. मागच्या दिवाळीनंतर आमच्या ओळखीच्या एका घरातल्या मुलीला सगळा हिशेब पुन्हा लिहावा लागला. असं का होतं?

काही कंपन्यांत विंडोजचं ‘रोमिंग प्रोफाइल’ वापरतात. आपला डेस्कटॉप, सेटिंग आणि फाइल्स यांची मूळ प्रत सर्व्हरवर असते. साइन इन केलं की ती संगणकावर उतरते. साइन आउट केलं की बदल परत वर जातात. जुन्या काळी बँकेत दिवसभराची व्हाउचरं संध्याकाळी खातेवहीत चढवायचो, तसंच हे. व्हाउचर चढलं नाही, तर खात्यात रक्कम दिसणार कशी?

गावी सर्व्हर सापडत नाही. तरी लॅपटॉप उघडतो, कारण प्रोफाइलची एक प्रत त्यावर असते. पण अशा वेळी केलेलं काम साइन आउट केलं तरी वर जात नाही, लॅपटॉपवरच राहतं. नुसतं झाकण मिटलं, तर साइन आउटही होत नाही.

म्हणून मुलांना एवढं सांगा:

१. गावी निघण्याआधी ऑफिसात एकदा साइन इन करून ताजी प्रत लॅपटॉपवर घ्यावी. तिथल्या दुसऱ्या संगणकावर साइन इन राहू देऊ नये.

२. परतल्यावर आधी लॅपटॉप ऑफिसच्या नेटवर्कला जोडावा. साइन आउट करून पुन्हा साइन इन करावं आणि मग पुन्हा साइन आउट. त्यानंतरच दुसऱ्या संगणकावर बसावं.

३. एकच फाइल दोन ठिकाणी बदलू नये. दोन्ही बदल एकत्र होत नाहीत. नंतरची प्रत राहते, आधीची जाते.

४. डी ड्राइव्हवरच्या फाइल्स प्रोफाइलमध्ये येत नाहीत. त्या वेगळ्या जपाव्यात.

नेहमी बाहेरगावी काम असेल, तर ‘फोल्डर रिडायरेक्शन’ आणि ‘ऑफलाइन फाइल्स’ची सोय आहे का, हे कंपनीच्या संगणक विभागाला विचारावं. त्यात नेटवर्क मिळताच फाइल्स जुळवल्या जातात आणि दोन्हीकडे बदल झाला असेल, तर कोणती प्रत ठेवायची ते आपल्याला विचारलं जातं.

सणाच्या गडबडीत ही चार कामं विसरू नयेत, एवढीच विनंती.