रबराचा चीक आणि सोंगाचा पोशाख

आषाढात एस्प्लनेडवर बसची वाट पाहत उभे राहणाऱ्याला रबर चढविलेल्या कापडाचे मोल निराळे सांगावे लागत नाही. याच कोलकात्यात १९२० साली सुरेंद्रमोहन बोस यांनी अशा कापडाचा उद्योग आरंभिला; त्यातील ‘डकबॅक’ कोट पुढे देशभर गेले.

घरी सोंगाचा पोशाख करणाऱ्याचे तत्त्व तेच, साधन मात्र रबराच्या झाडाचा चीक. यात रबराचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. तो साकळू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात, तेव्हा काम मोकळ्या हवेतच करावे. पाणी उडून गेले की कण एकवटून लवचिक पापुद्रा उरतो. थर पातळ द्यावा आणि तो पुरता वाळल्यावाचून दुसरा देऊ नये. दमट हवेत घाई नेमकी येथेच नडते.

रंगाचे काम अधिक नाजूक. तैलरंग रबराबरोबर ताणला जात नाही, तडकतो. शिवाय तेलाने रबर फुगून मऊ पडते. यास्तव पाण्यात कालविलेले रंगद्रव्य चिकातच मिसळावे. ओला चीक दुधाळ असल्याने रंग फिकट भासतो, वाळल्यावर गडद होतो. म्हणून आधी चिंधीवर नमुना पाहावा.

चिकातील प्रथिनांची काहींना तीव्र, क्वचित प्राणघातक बाधा होते. अशांनी या वाटेस जाऊच नये. इतरांनी अखेरीस शंखजिऱ्याची पूड भुरभुरावी, नाहीतर पोशाखाच्या घड्या एकमेकींना कायमच्या चिकटतात.