मगरीतील दातांची पुनर्निर्मिती आणि मानवी दाढा : अध्यापनाच्या दृष्टीने

प्रस्तावना

सुरतेतील लिंबायत भागात खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. सुरतेपासून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवर वडोदरा असून तेथील विश्वामित्री नदीत मगरींचा नैसर्गिक वावर आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात या मगरी नागरी वस्तीत शिरल्या होत्या. मगरीचा पडलेला दात पुन्हा येतो. मग माणसाचा का येत नाही? वर्गात विचारला जाणारा हा प्रश्न आरोग्याशीही संबंधित आहे.

दात बदलण्याची प्रक्रिया

मगरीच्या जबड्यांत साठाहून अधिक दात असतात. प्रत्येक दात, मानवी दाताप्रमाणेच, हाडातील खोबणीत बसलेला असतो. जुन्या दाताच्या जिभेकडील बाजूस नवा दात तयार होत असतो. तो वाढू लागला की जुन्या दाताचे मूळ झिजते, नवा दात त्याच्या पोकळीत शिरतो आणि जुन्याचा पोकळ भाग गळून पडतो. शेजारचे दात सहसा एकाच वेळी बदलत नाहीत. त्यामुळे मगर बोळकी होत नाही.

मगरीचा जवळचा नातलग असलेल्या अ‍ॅलिगेटरवरील संशोधन अमेरिकेतील पिंग वू, चेंग-मिंग चुओंग व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. दाताच्या प्रत्येक जागी तीन घटक आढळले : वापरातला दात, त्याच्या जागी येणारा दात आणि दंतपट्टिका. दंतपट्टिका म्हणजे जिच्यापासून दात घडतात ती ऊतीची पातळ पट्टी. तिच्या टोकाच्या फुगीर भागात मूलपेशी टिकून असतात. दात गेला की त्या कार्यरत होतात. अ‍ॅलिगेटरला सुमारे ८० दात असतात. त्यांतील प्रत्येक दात साधारणपणे वर्षातून एकदा आणि आयुष्यात ५० वेळांपर्यंत बदलू शकतो.

मानवाशी तुलना

मानवी गर्भातही दंतपट्टिका असते. परंतु कायमचे दात घडल्यावर ती विरून जाते. म्हणजेच मुख्य फरक दातात नसून ही पट्टिका टिकण्यात आहे.

माणसाला दातांची दुसरी संधी मिळते, हेही पूर्णतः खरे नाही. दुधाचे दात २० आणि कायमचे ३२. उरलेल्या १२ दाढा कोणत्याही दुधाच्या दाताच्या जागी येत नाहीत. त्या एकदाच येतात. त्यांतील पहिली दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाच्या दाढांच्या मागे उगवते. दात पडलेला नसल्याने पालक तिला दुधाची समजतात आणि ती किडली तरी ‘पडून नवी येईल’ म्हणून थांबतात. ती येत नाही.

समारोप

जपानमधील क्योतो येथे दात उगवण्यास मदत करू शकणाऱ्या औषधाची माणसांवरील चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली; परंतु चाचणी म्हणजे उपचार नव्हे. शिक्षकांनी हा पाठ शिकवताना विद्यार्थ्यांना घरातील सहा-सात वर्षांच्या मुलाची मागची दाढ पाहण्यास सांगावे. मगरीपासून सुरू झालेला पाठ अशा रीतीने एका दाढेचे रक्षण करू शकेल.